लाकूड, बांबू आणि जंगल: पुढच्या काळातल्या वापराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी मेळावे, गृहसंस्थांच्या बैठका, सुतार आणि आर्किटेक्ट मंडळींच्या गप्पा अशा ठिकाणी लाकडाचा विषय निघाला की काही प्रश्न ठरलेले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना मुख्यतः गडचिरोली-चंद्रपूरचे जंगल डोळ्यांसमोर आहे. महाराष्ट्रात लाकूड आणि बांबू यांचा सगळा पेच तिथे एकाच जिल्ह्याच्या अंतरात पाहायला मिळतो.

झाड तोडणे म्हणजे नुकसानच. मग लाकडाला पुन्हा निर्माण होणारे साधन कसे म्हणता?

कोळसा किंवा लोहखनिज आपल्या हयातीत परत तयार होत नाही. झाड होते. पण ते आपोआप होत नाही, आणि लाकडाची जाहिरात करणारे नेमके हेच सांगायचे टाळतात. जंगल दरवर्षी जेवढे वाढते त्याहून कमी तोड झाली, तोडलेल्या जागी नवे रोप गुराढोरांपासून आणि वणव्यापासून वाचले, तरच ते साधन टिकते. व्याज खावे आणि मुद्दल राखावे, असा हा व्यवहार आहे. यात तिसरी एक अट मी घालतो: जंगलाजवळ राहणाऱ्या माणसाला त्या वाढीतून काही मिळाले पाहिजे. नाहीतर राखणार कोण?

ही जाण आजची नाही. सॅक्सनीमध्ये चांदीच्या खाणी आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा तिथला खाण अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ मध्ये वाढीइतकीच तोड करण्याचा विचार मांडला. साधारण त्याच काळात आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान तोडायचे ते हुजूरची परवानगी घेऊनच, अशी ताकीद होती. आंबा आणि फणसाला तर हात लावायचा नाही. रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यावेच लागले तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. हे कलम समाजमाध्यमांवर दर पावसाळ्यात फिरते, पण त्यातला पैसे देण्याचा भाग बहुतेक वेळा गळालेला असतो.

सरकारी जंगलात आज हे काम कार्य आयोजनेने होते. साधारण १० वर्षांसाठी कोणत्या कक्षात काय तोडायचे आणि काय राखायचे, ते त्यात ठरते. मंजूर आयोजनेशिवाय जंगलात तोड नको, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात बजावले. त्यानंतर देशातली बेबंद तोड बरीच आटोक्यात आली.

महाराष्ट्रात जंगल आहे तरी किती?

राज्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण साडेसोळा टक्के भागावर वनाच्छादन आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीचे देशासाठीचे लक्ष्य एकतृतीयांश आहे. जे आहे तेही एकसारखे पसरलेले नाही. एकट्या गडचिरोलीत जिल्ह्याचा निम्म्याहून बराच जास्त भाग जंगलाखाली आहे, आणि मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत शोधावे लागते.

मग आपल्या घरातले लाकूड येते कुठून?

सरकारी जंगलातून त्यातले फारच थोडे येते. प्लायवूड, कागद, पॅकिंगच्या पेट्या यांना लागणारे बहुतांश लाकूड शेतातून आणि बांधावरून येते. २०२३ च्या भारतीय वन स्थिती अहवालानुसार जंगलाबाहेरच्या झाडांतून वर्षाला सुमारे ९.१५ कोटी घनमीटर औद्योगिक लाकूड मिळू शकते. हरियाणातल्या यमुनानगरचे प्लायवूड कारखाने आसपासच्या शेतकऱ्यांच्या पॉप्लरवर उभे राहिले. आंध्र-तेलंगणातल्या कागद गिरण्या निलगिरी आणि सुबाभळीवर चालतात.

बाकीचे जहाजाने येते. कांडला बंदराजवळचे गांधीधाम हे आयात लाकडाचे मोठे केंद्र आहे. न्यूझीलंडचा पाइन तिथे उतरतो, चिरला जातो आणि देशभर जातो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, तेव्हापासून आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले लागवडीचे सागवान आपल्या वखारींत जास्त दिसू लागले. दुकानदार ‘इम्पोर्टेड टीक’ म्हणतो ते बहुधा हेच. गडचिरोलीतल्या आलापल्ली किंवा चंद्रपुरातल्या बल्लारशाच्या जुन्या सागवानाशी त्याची तुलना करू नका. आयात मालाची वलये रुंद असतात, आणि गाभा, म्हणजे खोडाच्या आतले टिकाऊ लाकूड, कमी असतो.

बल्लारशाच्या सागवानाचे एवढे नाव का?

संथ वाढ, त्यामुळे भरपूर गाभा आणि गाभ्यात नैसर्गिक तेल. वन विभागाच्या जंगलात सागवान तोडीला यायला ६० ते ८० वर्षे जातात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारशाहून सागवान रवाना झाले, तेव्हा चंद्रपुरात मोठी शोभायात्रा निघाली होती. त्या ओंडक्यांची रोपे ज्यांनी राखली, त्यांपैकी बहुतेक जण ती शोभायात्रा पाहायला हयात नसतील. या धंद्यात लावणारा आणि कापणारा एकच माणूस क्वचित असतो. आलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाचा एक तुकडा न तोडता राखून ठेवला आहे, जमले तर तो बघून या. जुने जंगल काय असते ते लागवडीत फिरून कळत नाही.

बांबूचा एवढा गाजावाजा का चाललाय?

गाजावाजा थोडा जास्तच आहे, पण कारण खरे आहे. बांबू हे गवत आहे. पावसाळ्यात कोंब जमिनीतून निघाला की दोन-तीन महिन्यांत त्याची पूर्ण उंची भरते. त्यानंतर तो उंच होत नाही, जाडही होत नाही, फक्त पक्व होतो. तिसऱ्या वर्षानंतर तो तोडता येतो, आणि बेटातले पक्व बांबू काढले तरी कंद जिवंत राहून दरवर्षी नवे कोंब देतो. पुन्हा लागवड करावी लागत नाही. सागवानाच्या ६० वर्षांपुढे हा फरक किती मोठा आहे ते सांगायला नको.

विदर्भात मुख्य जात मानवेल आहे, काटेरी कळकही आहे. सिंधुदुर्गात माणगा चालतो. तो सरळ, जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा असल्याने शेतकऱ्याला परवडतो.

कायद्याची अडचण मात्र दीर्घकाळ होती. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येत होता. त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून नेतानाही वाहतूक परवान्याचे लचांड मागे लागायचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश काढून बांबू त्या व्याख्येतून वगळण्यात आला. खासगी लागवडीला खरी गती मिळाली ती त्यानंतर. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बांबू उद्योग धोरणही मंजूर केले.

एक गोष्ट लागवडीच्या कार्यशाळांत कुणी सांगत नाही: बांबू फुलतो आणि मग मरतो. मानवेलीला काही दशकांनी मोठ्या भूभागावर एकदम फुलोरा येतो आणि बी पडून बेटे वाळून जातात. वाळलेली बेटे वणव्याला आमंत्रण असतात. मिझोराममध्ये अशा फुलोऱ्याच्या वेळी बी खाऊन उंदीर माजतात आणि मग शेते फस्त करतात. १९५९ च्या सुमारास त्यातून पडलेल्या दुष्काळाने तिथले राजकारणच बदलले. बांबू लावणाऱ्याने रोपे किंवा कंद कुठल्या वयाच्या बेटाचे आहेत, हे विचारायलाच हवे. चाळीस वर्षांच्या बेटाचा कंद लावला तर तो आपले वय सोबत घेऊन येतो.

जंगलातल्या बांबूवर हक्क कुणाचा?

या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या गावाने दिले, आणि ते मिळवायला त्याला बरीच वर्षे लागली.

निस्तार हक्कांची, म्हणजे घरगुती गरजेपुरते जंगलातून घेण्याच्या जुन्या हक्कांची, आठवण गावात होती, जंगलही होते. पण बांबूचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले पट्टे, कागद गिरणीला दीर्घ मुदतीने दिलेले होते. गावकऱ्याने घराच्या कुडासाठी दोन बांबू आणले तर गुन्हा, आणि ट्रक भरून जातो तो उद्योग. या विषमतेवर गावाने अभ्यासगट बसवले. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा नियम केला. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच.

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाच्या, व्याख्येत बांबू स्पष्ट शब्दांत आहे. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या पहिल्या काही दाव्यांपैकी होता. तरीही गावाने बांबू विकायला काढला तेव्हा वन विभाग वाहतूक परवाना देईना. बांबू हे झाड आहे, झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि इमारती लाकूड विकायचा हक्क तुम्हाला नाही, असा युक्तिवाद होता. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढा-लेखात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती सोपवले गेले. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः दर ठरवले, मजुरी दिली, कर भरला आणि उरलेला पैसा जंगलाच्या कामाला लावला. पुढे २०१२ मध्ये नियमच बदलून परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनेही हक्क मिळाल्यावर बांबूची शिस्तीत तोड केली. तेंदूपानांचा पैसा मात्र तिने नाकारला, कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात आणि जंगलाला आग लावली जाते. हातात येणारा पैसा कुठल्या तज्ज्ञाच्या सांगण्याशिवाय एखादे गाव सोडते, हे मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठे वाटते.

सगळीकडे असे झालेले नाही. कागदावर हक्क आणि प्रत्यक्षात ठेकेदार, अशीही गावे आहेत. काही ग्रामसभांत हिशेबाचे भांडण आहे. बुरूड कारागिरांना सूप-टोपल्यांसाठी लागणारा कोवळा, लांब पेऱ्यांचा बांबू कोण देणार, हा प्रश्नही लोंबकळत पडला आहे. पूर्वी त्यांना तो वन विभागाच्या आगारातून सवलतीने मिळायचा. उद्याच्या बांबू उद्योगात सगळ्यांत जुन्या बांबू कारागिराला जागा नसेल तर ते धोरण फसले असे मी म्हणेन.

बांबू टिकत नाही, भुंगा लागतो. मग घराला कसा वापरायचा?

प्रक्रिया न केलेला बांबू खरोखरच टिकत नाही. त्यात पिष्ट भरपूर असते, त्यावर भुंगा येतो आणि पिवळी पूड गळू लागते. जमिनीला टेकलेला बांबू वाळवी खाते. जुन्या लोकांचे उपाय अनुभवाचे होते: पावसाळा संपल्यावर, थंडीत तोड करायची, कोवळा बांबू घ्यायचा नाही, तोडल्यावर वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायचा म्हणजे पिष्ट धुऊन जाते. आता बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात तो मुरवतात. त्याला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही, एक लांब टाकी पुरते. नीट मुरवलेला, पायाच्या दगडावर उभा केलेला आणि पावसापासून छपराने झाकलेला बांबू २५-३० वर्षे काम देतो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे हे शिकायला मिळते.

रस्त्यासाठीही प्रयोग झाला. २०२३ मध्ये वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटर लांबीचा बांबूचा अपघातरोधक कठडा बसवला गेला. त्याचे नाव ‘बाहुबली’. बाल्कोआ जातीचा बांबू, त्यावर क्रिओसोट या लाकूड टिकवणाऱ्या तेलाची प्रक्रिया आणि वरून प्लास्टिकचा थर असा तो आहे. पोलादी कठड्याऐवजी हे चालेल का, याचे उत्तर विदर्भातल्या उन्हात काही वर्षे गेल्यावरच मिळेल. घाईने टाळ्या वाजवायची गरज नाही.

परदेशात लाकडाचे मनोरे उभे राहतात म्हणे. खरे आहे?

खरे आहे. नॉर्वेतल्या ब्रुमुन्डाल गावी म्योसा सरोवराकाठी २०१९ मध्ये म्योस्टोर्नेट ही ८५.४ मीटर उंच, १८ मजली इमारत पूर्ण झाली. अमेरिकेतल्या मिलवॉकीत २०२२ मध्ये झालेली ‘असेंट’ २५ मजल्यांची आहे. यात अखंड ओंडके वापरत नाहीत. फळ्या चिकटवून जाड तुळया करतात, किंवा फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवून पूर्ण भिंत वा तक्तपोशी कारखान्यात बनवतात आणि जागेवर नेऊन जोडतात. एक गंमत अशी, की म्योस्टोर्नेटच्या वरच्या काही मजल्यांवर काँक्रीटचे स्लॅब मुद्दाम घातले आहेत. लाकूड हलके, वाऱ्याने वरचे मजले डुलतील म्हणून वजन द्यावे लागले.

आणि आग लागली तर?

जाड लाकूड आणि चुलीतली चिपाड यांत फरक आहे. जाड तुळई पेटली की बाहेरून कोळशाचा थर बसतो आणि आत उष्णता जायला अडथळा होतो. मऊ लाकडात तो थर मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर सरकतो, म्हणजे तासाभरात चारेक सेंटिमीटर. तेवढा जादा भाग हिशेबात धरून तुळई बनवतात. पोलाद जळत नाही, पण ५५०-६०० अंशांला त्याची निम्मी ताकद जाते.

मग आपल्याकडे अशा इमारती का नाहीत?

मऊ लाकडाची प्रचंड, स्वस्त आणि एकसारखी पैदास लागते, ती आपल्याकडे नाही. फिनलंडचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे आणि त्यातले निम्म्याहून जास्त जंगल सामान्य कुटुंबांच्या मालकीचे आहे. तिथला शेतकरी लाकडाच्या भावावर तसाच बोलतो जसा लासलगावचा कांद्यावर. शिवाय आपल्या दमट हवेत बुरशी आणि वाळवीचा प्रश्न वेगळा, विमा आणि बँका बुजणार, महापालिकेचा अधिकारी नकाशा बाजूला ठेवणार. माझ्या मते पुढच्या २० वर्षांत महाराष्ट्रात लाकडी मनोरे येणार नाहीत. शाळा, अंगणवाड्या, पर्यटन निवास, घरावरचे वाढीव मजले, छपराच्या कैच्या अशा ठिकाणी बांबू आणि चिकटवलेल्या तुळया येतील. बेंगळुरू विमानतळाच्या २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या दुसऱ्या टर्मिनलचे छत प्रक्रिया केलेल्या बांबूने मढवले आहे. ते पाहिल्यावर बांबू म्हणजे गरिबाचे लाकूड ही समजूत उतरते.

लाकडापासून कापड, औषध, बॅटरी होते, ही बातमी खरी की व्हॉट्सअ‍ॅप?

बरीचशी खरी आहे, आणि काही गोष्टी तर जुन्याच आहेत. व्हिस्कोज म्हणजे रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होते. औषधाच्या गोळीला आकार धरून ठेवणारी पांढरी भुकटी अनेकदा लाकडातल्या सेल्युलोजची असते. नॉर्वेत लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन बनते. लाकडाचा साधारण चौथा हिस्सा लिग्निन असतो. कागद गिरण्या ते आजवर बॉयलरमध्ये जाळत आल्या. त्यापासून बॅटरीसाठी कार्बन काढण्याचे काम फिनलंडमध्ये चालू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जपानने लाकडी पेटीचा एक चिमुकला उपग्रहही अवकाशात पाठवला. मॅग्नोलियाचे लाकूड, वीतभरसुद्धा नाही एवढा घन. उपग्रह परत वातावरणात शिरून जळतो तेव्हा धातूची भुकटी मागे राहू नये, हा हेतू.

लाकूड जाळून वीज करणे चांगले की वाईट?

काय जाळता त्यावर अवलंबून आहे. कापणीनंतर शेतात पेटवून दिला जाणारा काडीकचरा, तुराट्या, पऱ्हाट्या, आरागिरणीचा भुस्सा यांच्या दाबून कांड्या (पेलेट) करून बॉयलरमध्ये घातल्या तर बरेच. कोळशाच्या वीजकेंद्रांनी २०२४-२५ पासून ५ टक्के असे जैविक इंधन मिसळावे, असा केंद्राचा नियम आहे.

उभे झाड तोडून वीज करणे मला पटत नाही. झाडाने ४० वर्षांत शोषलेला कार्बन काही मिनिटांत वर जातो आणि तो परत धरायला पुन्हा ४० वर्षे. कागदोपत्री हिशेब शून्य दाखवता येतो, हवेला तेवढी उसंत नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या ड्रॅक्स वीजकेंद्रासाठी अमेरिका आणि कॅनडातून लाकडाच्या कांड्या जहाजाने येतात. त्यावरून तिथे वर्षानुवर्षे वाद चालू आहे तो याच मुद्द्यावर.

बांबूचे गणित थोडे वेगळे पडते, कारण तो तीन-चार वर्षांत परत येतो. वाळलेल्या बांबूची उष्णता किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी, म्हणजे आपल्याकडच्या साधारण कोळशाइतकी. आसाममध्ये नुमालीगढला बांबूपासून इथेनॉल करणारा प्रकल्प सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. त्याला वर्षाला सुमारे ५ लाख टन हिरवा बांबू लागणार आहे. त्यातून इथेनॉलबरोबर फरफ्युरल हे रसायन आणि असेटिक आम्लही निघते. प्रश्न तंत्राचा उरलेला नाही. वर्षाचा हा ५ लाख टन बांबू नेमाने कोण तोडणार, कोणत्या भावाने, आणि टंचाई पडली की आरक्षित जंगलात कुऱ्हाड शिरेल का, हे बघावे लागेल. आपल्याकडे असे प्रकल्प आणण्याची भाषा होते तेव्हा मला हाच प्रश्न आधी सुचतो.

शेतात सागवान लावला तर २० वर्षांत कोट्यधीश होता येते?

नाही. १९९० च्या दशकात सागवानाच्या नावावर पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांनी मध्यमवर्गाला हेच स्वप्न विकले. बहुतेकांचे पैसे बुडाले आणि अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीला १९९९ मध्ये नियम करावे लागले. आता तीच जाहिरात टिश्यू कल्चर सागवानाच्या नावाने परत आली आहे.

२० वर्षांच्या सागवानात गाभा थोडा असतो. बाहेरचा पांढुरका भाग कीड खाते आणि व्यापारी त्याला भाव देत नाही. पाणी आणि खत घालून झाड लवकर फुगवता येते, गाभा फुगवता येत नाही. सुरुवातीला दाट लावून पुढे दोन-तीन वेळा विरळणी करावी लागते. ती कुणी करत नाही, त्यामुळे झाडे उंच आणि काटकुळी राहतात.

लावूच नका असे माझे म्हणणे नाही. बांधावर सागवान हे मुलांच्या पिढीसाठी ठेवलेले धन समजून लावावे. ६-८ वर्षांत पैसा हवा असेल तर मलबार कडुनिंब, सुबाभूळ, निलगिरी, बांबू यांकडे बघावे. आणि रोप घेण्याआधी गिऱ्हाईक शोधावे. १०० किलोमीटरच्या आत प्लायवूड कारखाना, कागद गिरणी किंवा कांड्यांचा कारखाना नसेल तर वाहतुकीतच भाव संपतो. नर्सरीवाला ‘हमखास खरेदी’चा करार देत असेल तर त्यातले किमान भावाचे कलम वाचा. बहुधा ते नसते.

माझ्याच शेतातले झाड तोडायला परवानगी कशाला?

१९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यामुळे. अनुसूचीतल्या झाडांना ती लागते: सागवान, खैर, चंदन, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, बिजा, हळदू, तिवस, अंजन, खारफुटी. अर्ज करण्याआधी सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते बघा, निम्मा वेळ तिथेच जातो. लोक मग झाड लहान असतानाच उपटतात, कारण मोठे झाले की कटकट. राखण्यासाठी केलेला कायदा लावण्याला नाउमेद करतो, हे वन खात्यातली माणसेही खासगीत कबूल करतात.

कार्बन क्रेडिटवाले गावात फिरतायत. सही करू का?

कार्बन क्रेडिट म्हणजे झाडांनी धरलेल्या कार्बनच्या बदल्यात विकता येणारे प्रमाणपत्र. झाड कार्बन साठवते हे खरे. सागवानाच्या एका घनफूट कोरड्या लाकडात साधारण ३३-३४ किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. पण करार बघा: मुदत किती वर्षांची, मध्येच झाड तोडले तर दंड कुणाला, दुष्काळाने किंवा आगीने बाग गेली तर जबाबदारी कुणाची, विक्रीच्या रकमेतला तुमचा वाटा किती, आणि मोजणीचा खर्च कुणाच्या वाट्यातून कापणार. करार मराठीत द्या म्हणावे. दिला नाही तर चहा पाजून निरोप द्यावा.

एकाच जातीची लागवड म्हणजे जंगल का?

नाही, ते पीक आहे. पीक म्हणून त्याला माझा विरोध नाही. निलंबूरला इंग्रज अधिकारी कॉनोली आणि चातू मेनन यांनी १८४० च्या दशकात सागवान लावले, तेव्हापासून आपण लाकडाचे पीक घेतो आहोत. धोका एवढाच, की एकच जात असली की रोगराई एकदम पसरते. ज्या जर्मनीत शिस्तशीर लागवडीचा विचार जन्मला, तिथे २०१८ नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांत सालीखालच्या भुंग्यांनी स्प्रूसच्या रांगाच्या रांगा संपवल्या. तीनेक वर्षांत सुमारे ५ लाख हेक्टरवरची झाडे गेली. गोव्यात खाणींच्या टेकाडांवर आणि कोकणातल्या पडीक जमिनींवर लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीखाली काय उगवते, ते एकदा वाकून बघा. जवळजवळ काही नाही.

कोकणात तर सगळे जंगल खासगी आहे. तिथे काय करायचे?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक रान लोकांच्या मालकीचे आहे. मुंबई-पुण्यात राहणारे पाच-सात भाऊबंद, सामाईक सातबारा, आणि ठेकेदार रोख रक्कम घेऊन दारात. ८-१० वर्षांनी डोंगर बोडका होतो आणि ऐन, किंजळ, जांभूळ सगळे ट्रकने घाटावरच्या बॉयलर आणि वीटभट्ट्यांना जळण म्हणून जाते. किंजळीसारखे टिकाऊ लाकूड जळणाच्या भावाने! बुंध्यांना धुमारे फुटतात आणि पुन्हा तेच चक्र.

इथे बंदीपेक्षा निवडून तोड उपयोगी पडेल. दर खेपेला थोडी झाडे, बुंध्यावर दोनच धुमारे ठेवणे, फळझाडे आणि बियांची झाडे सोडणे, आणि जळणाऐवजी फळ्या-वाशांना गिऱ्हाईक. स्थानिक आरागिरणी आणि सुतार यांच्याशी जोड लागली तर मालकाला त्याच डोंगरातून जास्त पैसे मिळतील. देवराईला मात्र या हिशेबातून वगळावे.

लाकूड न तोडता जंगलातून कमाई होते का?

होते, आणि गडचिरोलीतल्या अनेक घरांचा उन्हाळा त्यावरच निघतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मग तेंदूपाने, पुढे चारोळी, डिंक, मध. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात हिरडा. तेंदूचा भविष्यकाळ विडीच्या खपाबरोबर आखडत जाणार, ते मान्य करून चालावे. मोहाला मात्र पुढे जागा आहे. २०२१ मध्ये राज्याने मोहफुले गोळा करण्यावरचे आणि बाळगण्यावरचे निर्बंध उठवले. फुले जाळीवर झेलली आणि स्वच्छ वाळवली तर लाडू, मनुका, सरबत यांसाठी चांगला भाव मिळतो. झाडाखालचा पाला पेटवून फुले वेचायची सवयही त्यामुळे कमी होते, आणि वणवेही.

मी शहरात राहतो. माझ्या हातात काय आहे?

जुने लाकूड विकत घ्या. पुण्यात वाडे पडतात तेव्हा त्यातल्या तुळया, खांब, दारे-चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. शंभर वर्षे वाळलेले ते सागवान वाकत नाही आणि फाटतही नाही. घेताना खिळे कुठे आहेत ते चुंबकाने तपासा, करवतीचे पाते वाचते. टाचणी खुपसून वाळवीची पोकळी आहे का ते बघा, आणि भाव घनफुटावर ठरवा, नगावर नको. चिरल्यावर किती माल निघेल याचा अंदाज घ्यायला सोबत सुतार न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या.

नवे फर्निचर करायचे तर सुताराला स्क्रूचे आणि खाचेचे जोड करायला सांगा, म्हणजे घर बदलताना ते उकलून नेता येते. भुकटी दाबून केलेल्या फळ्यांचे कपाट पहिल्याच गळतीत फुगते आणि कचऱ्यात जाते. ते स्वस्त पडत नाही.